जुन्या राइडच्या कॅसेटमधली खरखर काढू नका हो!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या कॅसेट आणि व्हिडिओ घरच्या घरी डिजिटल कसे करायचे, आवाज क्लीन कसा करायचा, त्यासाठी एआयवालं कुठलं ॲप चांगलं, यावर हल्ली पेपरांमध्ये बरंच छापून येतं, आपल्या पुरवणीतही येतं, आणि ते वाचून लोक उत्साहाने कामाला लागतात. चांगलंच आहे. पण एका बाबतीत हा सल्ला थेट नुकसान करतो म्हणून हे पत्र लिहितोय. माझा छंद जरा विचित्र आहे. थीम पार्कच्या जुन्या राइडमध्ये जे आवाज वाजायचे, भुताच्या बंगल्यातलं हसणं, मेरी-गो-राउंडचा ऑर्गन, गाडी सुटायच्या आधीची सूचना, रांगेत उभं असताना मागे चालू असलेलं म्युझिक, ते मुळात आलं कुठून, वाजवलं कोणी, आवाज कोणाचा, कुठल्या रेकॉर्डवरून उचललं, हे शोधत बसायचं. असले रिकामटेकडे जगभर आहेत, मी एकटा नाही, आणि आमच्या सगळ्यांची रड एकच आहे, की कॅसेट मिळते पण ती आधीच धुऊनपुसून मिळते.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की यात शोधायचं काय, सरळ पार्कवाल्यांना विचारा की. अहो, पण त्यांच्याकडे तरी सगळं कुठे असतं? राइडचा आवाज म्हणजे त्यांच्या दृष्टीने रोजच्या वापराची वस्तू होती, टेपचा लूप, म्हणजे दोन्ही टोकं जोडून न थांबता फिरणारी टेप, सकाळपासून रात्रीपर्यंत फिरायचा, घासून घासून झिजायचा, मग मास्टरवरून, म्हणजे मूळ टेपवरून, नवी कॉपी काढायची, मास्टर हाताशी नसेल तर कॉपीची कॉपी. त्यात ७०-८० च्या दशकातल्या बऱ्याच टेपांचा एक वेगळाच रोग आहे, टेपवरचा चिकटवणारा थर हवेतली ओल शोषून चिकट होतो, डेकवर लावली की टेप किंचाळते आणि हेडवर तपकिरी राळ सोडते. अशी टेप पन्नास-पंचावन्न डिग्रीच्या मंद उष्णतेत तासन्‌तास ठेवून तात्पुरती बरी करतात आणि तेवढ्यात कॉपी काढून घेतात (हे जाणकाराचंच काम आहे, कृपा करून घरच्या ओव्हनमध्ये प्रयोग करू नका). त्यामुळे कित्येकदा हातात उरतं ते एवढंच, कुण्या पाहुण्याने खांद्याला टेपरेकॉर्डर लटकवून राइडमध्ये बसून केलेलं रेकॉर्डिंग. मागे पोरं ओरडतायत, साखळी खडखडतेय, आणि त्या सगळ्याच्या खाली कुठेतरी ते म्युझिक.

आता मूळ शोधणं म्हणजे गाण्याचं नाव शोधणं असं लोकांना वाटतं. तिथेच घोळ होतो. डिस्नेलँडच्या मेन स्ट्रीट इलेक्ट्रिकल परेडचंच घ्या. १९७२ च्या जूनमध्ये ही दिव्यांची मिरवणूक सुरू झाली, आणि तिची ती टणाटण उड्या मारणारी इलेक्ट्रॉनिक चाल एकदा कानात शिरली की निघत नाही. कुणालाही वाटेल की ही परेडसाठीच बनवली असणार. पण ती आहे ज्याँ-जाक पेरे आणि गर्शन किंग्स्ली या दोघांच्या १९६७ च्या एलपीवरची, नाव 'बरोक होडाउन', विजेवर सूर तयार करणारं मूग सिंथेसायझर हे वाद्य अगदी नवं असतानाच्या काळातली. आणि स्वतः पेरेला आपली चाल तिथे रोज रात्री वाजतेय याचा कित्येक वर्षं पत्ताच नव्हता, त्याला कळलं ते १९८० च्या सुमाराला!

बरं, एवढं कळलं म्हणजे झालं का? नाही. परेडमध्ये वाजायचं ते एलपीवरचं जसंच्या तसं नव्हतं, त्याची वेगळी मांडणी केली होती, आणि १९७७ मध्ये डॉन डॉर्सीने ती परत नव्याने केली, वर ती यंत्रमानवासारखी सुरुवातीची घोषणा जॅक वॅगनरच्या आवाजात. (हा वॅगनर म्हणजे डिस्ने पार्कांचा घरचाच आवाज, दारांपासून लांब उभे राहा हे इंग्लिश आणि स्पॅनिशमध्ये सांगणारी वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या मोनोरेलची प्रसिद्ध सूचना त्याचीच.) म्हणजे एका कॅसेटवरच्या दोन मिनिटांना तीन उगम झाले, चाल एकीकडची, मांडणी दुसरीकडची, आवाज तिसऱ्याचा. कॅसेटवर तारीख नसली तरी कुठली मांडणी वाजतेय एवढ्यावरून ती १९७७ च्या आधीची की नंतरची हे सांगता येतं, पण त्यासाठी खालचे बारीक सूर ऐकू यायला हवेत, आणि आवाज साफ करणारं ॲप नेमके तेच खाऊन टाकतं.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र नेदरलँड्सच्या एफ्टेलिंग पार्कमधलं आहे. तिथे १९६६ मध्ये 'इंडियन वॉटर लिलीज' नावाचं एक आकर्षण उघडलं, गोष्ट बेल्जियमच्या राणी फाबिओलाने लिहिलेली, रेखाटनं आंतोन पीकची, तळ्यात कमळं उमलतात, पऱ्या नाचतात, बेडूक वाद्यं वाजवतात. नावात इंडियन म्हटल्यावर आपण सतार-तबल्याची वाट बघणार. तर वाजतं काय, जर्मन बँडवाला बर्ट केम्फर्टचा 'आफ्रिकान बीट', आणि चेटकिणीच्या तोंडी आवाज आहे पेरूच्या इमा सुमाकचा, जिचा गळा खर्जापासून पक्ष्याच्या किलबिलीपर्यंत कुठेही जायचा. भारताच्या नावाखाली आफ्रिकेच्या नावाची जर्मन चाल आणि पेरूची गायिका, ते पण हॉलंडमध्ये! मला यात हसूही येतं आणि कौतुकही वाटतं, कारण बनवणाऱ्यांनी बाजारात मिळणाऱ्या रेकॉर्डमधून कानाला जे जादुई वाटलं ते उचललं, आणि ते इतकं चपखल बसलं की पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या मुलांना तेच त्या तळ्याचं स्वतःचं संगीत वाटत आलंय.

त्याच पार्कात लाल-पांढऱ्या मशरूमला कान लावला की आत एक छोटासा मिन्युएट वाजतो. पियानो शिकणाऱ्या प्रत्येक पोराला तो पाठ असतो, आणि पोरगं सांगणार की जर्मन संगीतकार बाखचा. तो बाखच्या बायकोच्या १७२५ च्या वहीत आहे खरा, पण रचना क्रिस्टियान पेट्झोल्डची, हे अभ्यासकांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं. म्हणजे राइडच्या म्युझिकचं मूळ शोधायला जावं तर ज्याला मूळ म्हणतो त्याचंच मूळ चुकीचं नोंदलेलं. आणि तिथल्याच स्पूकस्लॉट या भुताच्या वाड्यात १९७८ पासून फ्रेंच संगीतकार सॅंसाँचं 'दान्स माकाब्र' वाजायचं, २०२२ मध्ये तो बंद झाला. आता हे 'दान्स माकाब्र' आहे हे ओळखायला काय अक्कल लागते हो, पाश्चात्त्य शास्त्रीय ऐकणारा कोणीही दोन सेकंदात सांगेल. खरं काम पुढेच असतं. एकाच रचनेची ढीगभर रेकॉर्डिंग बाजारात असताना आपल्या टेपवर कुठल्या ऑर्केस्ट्राचं वाजतंय? तिथे मग सोलो व्हायोलिनवाला कुठल्या सुराला घसरत जातो, झायलोफोनचे टोले किती पुढे येतात, टेप कापून कुठे जोडलीय, हे टेप आणि रेकॉर्ड शेजारी शेजारी लावून परत परत ऐकायला लागतं.

आणि आता खरखरीकडे येतो, कारण पत्र त्यासाठीच आहे.

जुनी टेप बरोबर स्पीडने चालतेय की नाही हे कसं कळणार? कॅसेट डेकचा बेल्ट सैल पडला, कॉपी करताना मोटर मंद फिरली, की म्युझिक हळू आणि खालच्या पट्टीत येतं. कानाला ते चालून जातं, पण कॉम्प्युटरवर मूळ रेकॉर्डशी जुळवायला गेलं की काहीच जुळत नाही. इथे उपयोगी पडते ती मागची घूंऽऽ अशी गुणगुण, जी काढून टाकायला प्रत्येक ॲपमध्ये एक बटण दिलेलं असतं. ही गुणगुण विजेची असते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, युरोपात ५० हर्ट्झची, म्हणून तिथल्या ॲम्प्लिफायरमधून आलेली गुणगुणही ६० किंवा १२० वर, नाहीतर ५० किंवा १०० वर बसायला हवी. समजा अमेरिकेतल्या पार्कचं रेकॉर्डिंग आहे आणि स्पेक्ट्रमवर, म्हणजे कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे ते दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या आलेखात, गुणगुणीची रेघ ५७ वर दिसली, तर टेप पाच टक्के मंद चाललीय, म्हणजे जवळपास अर्धा स्वर खाली. तेवढा स्पीड वाढवला की म्युझिक आपल्या जागेवर येतं. कधी कधी दोन रेघा दिसतात, एक ५७ वर आणि एक बरोबर ६० वर, तेव्हा समजायचं की साठवाली नंतर डिजिटल करतानाच्या मशीनची आहे आणि सत्तावन्नवाली जुन्या टेपवरची. आणि पाहुण्याचा टेपरेकॉर्डर सेलवर चालणारा असेल तर आणखी मजा, त्याची स्वतःची विजेची गुणगुण नसतेच, मग टेपवर जी आहे ती बहुतेक पार्कच्या स्पीकरमधूनच आलेली. कुणी म्हणालं की ही कॅसेट युरोपातल्या पार्कमधली आहे, आणि स्पीड बरोबर असतानाही रेघ ६० वर सापडली, तर कान टवकारायचे.

दुसरी अशीच वाईट वाटणारी गोष्ट म्हणजे टेपवरचा टक् असा आवाज. लूप जिथे चिकटपट्टीने जोडलेला असतो तिथे बारीकसा टक् होतो, किंवा आवाज क्षणभर दचकतो. दोन टक्‌मधलं अंतर मोजलं की पूर्ण लूप किती लांब होता ते कळतं. राइडमध्ये माणूस चालत्या गाडीत असतो, कुठल्याच खोलीतलं म्युझिक त्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत मिळत नाही, म्हणून वेगवेगळ्या पाहुण्यांचे तुकडे जोडून लूप उभा करावा लागतो आणि त्यात हा टक् म्हणजे खुणेचा दगड. ॲप त्याला बिघाड समजतं आणि गुळगुळीत करून टाकतं. चोराच्या पावलांचे ठसे पुसून मग पोलिसांना बोलवायचं, तसला प्रकार.

मेरी-गो-राउंडच्या ऑर्गनचंही तेच. अमेरिकेत नॉर्थ टोनावांडाच्या वुर्लिट्झर कारखान्यातून निघालेले बँड ऑर्गन भोकं पाडलेल्या कागदाच्या रोलवर चालायचे, रोलवर नंबर असायचा, नंबर मिळाला की कुठल्या चाली कुठल्या क्रमाने हे कळतं. पण तोच रोल दहा ठिकाणच्या दहा ऑर्गनवर चालू शकतो, मग आपल्या टेपवरचा ऑर्गन कुठला? एखादी नळी बेसूर असते, एखादी वाजतच नाही, एखादी सोडली तरी लांबत राहते. त्या नळीवरून ऑर्गन ओळखतात. एआय मात्र तो बेसूर नीट करून देतं, आणि वर सांगतं की क्वालिटी सुधारली!

आवाज कोणाचा या बाबतीत तर ऐकीव माहितीने कहर केलाय. डिस्नेलँडच्या हाँटेड मॅन्शन या भुताच्या वाड्यात, जे १९६९ च्या ऑगस्टमध्ये उघडलं, स्मशानात पाच संगमरवरी पुतळे गातात, त्यातला एक मोडून आडवा झालेला. तो चेहरा वॉल्ट डिस्नेचा आहे असं लोक छातीठोकपणे सांगतात. वॉल्ट डिस्ने गेला १९६६ च्या डिसेंबरात, आणि तो पुतळा आहे थर्ल रेव्हन्सक्रॉफ्ट या खर्जाच्या गायकाचा, चेहराही त्याचा आणि आवाजही. मिशी आणि थोडं साम्य, तेवढ्यावर दंतकथा उभी राहिली. दुसरी गंमत त्याच राइडची. राइडमधल्या भूत-यजमानाचा आवाज पॉल फ्रीसचा. पण त्याच वर्षी मॅन्शनवर गोष्टीची जी एलपी निघाली त्यात हा यजमान पीट रेनूडेच्या आवाजात आहे आणि निवेदन रेव्हन्सक्रॉफ्टचं. आता घरात एलपी असलेला माणूस तिच्यावरून आवाज घेऊन त्याला राइडचं ओरिजिनल म्हणून नाव देतो, ते फिरत फिरत दुसऱ्याकडे जातं, तो त्यावर थोडा रिव्हर्ब (मोठ्या खोलीतल्यासारखा घुमारा) टाकतो, आणि तिसऱ्याला ते थेट मॅन्शनमधलं वाटतं. वर आता एआयने आवाज वेगळा काढता येतो, त्यामुळे मागची पोरं आणि साखळी नाहीशी होते, आणि खरं रेकॉर्डिंग आणि एलपीवरून बनवलेलं रेकॉर्डिंग दोन्ही सारखीच चकचकीत दिसायला लागतात. साखळीचा खडखडाट असता तर एका सेकंदात कळलं असतं ना!

पॅरिसच्या डिस्ने पार्कमधल्या फँटम मॅनर या भुताच्या वाड्याचं उलटं आहे. १९९२ च्या एप्रिलमध्ये पार्क उघडलं तेव्हा तिथे भयपटांतला नट व्हिन्सेंट प्राइसचं इंग्लिश निवेदन होतं, थोड्याच महिन्यांत ते काढून फ्रेंच निवेदन घातलं, प्राइसचं हसणं तेवढं राहिलं. २०१९ ला डागडुजीनंतर राइड परत उघडली तेव्हा त्याचा आवाज परत आणला. म्हणजे तिथलं जुनं रेकॉर्डिंग कोणी दिलं आणि त्यात प्राइस बोलतोय, तर ते अगदी सुरुवातीच्या दिवसांतलं तरी आहे, २०१९ नंतरचं तरी आहे, किंवा पार्कमधलं नाहीच. मागची माणसं, पावलांचे आवाज, दरवाजा, सगळं शिल्लक असेल तरच यातलं खरं काय ते ठरवता येतं.

मग गाणं ऐकून नाव सांगणारी शझामसारखी ॲप कशाला आहेत, असं कुणी म्हणेल. आहेत, आणि मी वापरतोही. पण ती चाल ओळखत नाहीत, ठरावीक रेकॉर्डिंग ओळखतात, आवाजातल्या ठळक टोकांचा एक नकाशा बनवून साठवलेल्या नकाशांशी जुळवतात. टेप पाच टक्के मंद असली की टोकं सरकतात आणि ॲप हात वर करतं. म्हणून आधी गुणगुणीवरून स्पीड दुरुस्त करायचा आणि मग ॲपला ऐकवायचं, कित्येकदा लगेच लागतं. तरी सांभाळून, कारण ॲप जे नाव देतं ते बऱ्याचदा नंतर कधीतरी निघालेल्या संग्रहाचं असतं. पार्कवाले लायब्ररी म्युझिक भरपूर वापरायचे, म्हणजे दुकानात न विकता फिल्म, टीव्ही, रेडिओवाल्यांसाठीच काढलेल्या रेकॉर्ड, लंडनच्या केपीएम किंवा डी वुल्फसारख्या कंपन्यांच्या. तीच चाल एखाद्या सिनेमात, एखाद्या जाहिरातीत आणि एखाद्या राइडच्या रांगेत वाजलेली असू शकते, त्यात संगीतकार कधी टोपणनावाने. ॲपने २००० सालानंतरचा अल्बम दाखवला म्हणून १९७५ ची कॅसेट खोटी ठरत नाही आणि सिनेमात सापडलं म्हणून राइडवाल्यांनी सिनेमातून चोरलं असंही होत नाही. दोघांनी एकाच कपाटातून घेतलेलं असतं.

माझ्या स्वतःच्या हातून निसटलेली एक गोष्ट सांगतो, नाव कोणाचं घेत नाही. एका ओळखीच्यांकडे राइडमध्ये केलेलं जुनं रेकॉर्डिंग होतं, त्यांनी ते मला द्यायच्या आधी कौतुकाने एका डिजिटल करून देणाऱ्याकडे टाकलं. परत आली ती एक छोटी एमपी३ फाइल, खरखर गायब, वरचे सूर गायब, पाण्यातून बोलल्यासारखा आवाज. कॅसेट? ती त्याने 'आता काय उपयोग' म्हणून ठेवलीच नाही. वर बिलात 'नॉइज रिमूव्हल' वेगळं लावलेलं! त्या फाइलमध्ये म्युझिक आहे, पण कुठलं, कधीचं, कुठल्या स्पीडचं, काही ठरवता येत नाही, कारण ज्यावरून ठरवायचं तेच पैसे देऊन काढून टाकलंय.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा त्यात चार ओळी ह्याही टाका. कॅसेट डेकवर लावायच्या आधी तिच्या दोन्ही बाजूंचा आणि कव्हरवरच्या हस्ताक्षराचा फोटो काढा, खोडलेलं नावसुद्धा येऊ दे. पहिली कॉपी डब्ल्यूएव्ही (WAV) फॉरमॅटमध्ये, ज्यात एमपी३ सारखा आवाज दाबून छोटा केलेला नसतो, कुठलाही फिल्टर न लावता, अगदी सुरुवातीच्या कोऱ्या खरखरीपासून शेवटच्या खट्‌पर्यंत, मध्ये घरातलं कुणी बोललं असेल तर तेही राहू द्या, त्यात बऱ्याचदा वर्ष किंवा राइडचं नाव सापडतं. ती फाइल बाजूला ठेवून द्या आणि मग दुसऱ्या कॉपीवर ॲप लावा, एआय लावा, काय पाहिजे ते करा, ऐकायला गोड लागतं हे मलाही मान्य आहे. फक्त गोड केलेल्या फाइलच्या नावात तसं लिहा. आणि डिजिटल करून देणाऱ्याकडे टाकणार असाल तर कॅसेट परत हवी आणि फिल्टर नको हे पावतीवर लिहून घ्या, तोंडी सांगून भागत नाही.

कळावे,
आपला एक नियमित वाचक